आधी वजनकाटा, मग शोरूम: कॅराव्हॅन ओढायला मोठी गाडी निवडताना

मोठी एसयूव्ही बघायला गेलं की बोलणं हॉर्सपॉवरवर येतं, तिथून सनरूफवर आणि शेवटी ऑन-रोड किमतीवर. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढायची असेल तर हा क्रम चालत नाही. १५०–२०० पीएसचं डिझेल इंजिन मध्यम आकाराची कॅराव्हॅन ओढतंच. गाडी कमी पडते ती मागच्या अ‍ॅक्सलवरच्या भारात, ब्रेकमध्ये आणि घाटात साठणाऱ्या उष्णतेत. त्यामुळे पहिली फेरी वजनकाट्यावर, दुसरी आरटीओत आणि तिसरी शोरूममध्ये. नाशिककरांना काटा शोधावा लागत नाही. पिंपळगाव, लासलगावला कांद्याच्या ट्रॉल्या जिथे मोजतात, तिथेच हे काम होतं.

ट्रेलरचं खरं वजन

ब्रोशरमधलं वजन कोऱ्या ट्रेलरचं असतं. समजा, चार जण झोपतील अशी छोटी कॅराव्हॅन आहे, कोरं वजन ८५० किलो. आता भरायला घ्या. पाण्याची टाकी ६० लिटर म्हणजे ६० किलो. लहान गॅस सिलिंडर आणि शेगडी १७, इन्व्हर्टरची लहान ट्युब्युलर बॅटरी ३०, गाद्या-पांघरुणं ३०, भांडी आणि शिधा ३५, ताडपत्रीचा मांडव आणि त्याचे खांब २५, खुर्च्या-टेबल २५, स्टेपनी-जॅक-पाने-उट्या ३०, कपडे ४०. हे झाले २९२ किलो. म्हणजे रस्त्यावर तुम्ही ओढणार ११४० किलोच्या वर, ८५० नव्हे. हिशेबाला ११५० धरा.

हा आकडा ट्रेलरच्या प्लेटवरच्या कमाल वजनाच्या आत हवा. प्लेटवर ११०० लिहिलं असेल तर गाडी कोणतीही घ्या, गणित चुकलेलंच राहील. सर्वात स्वस्त दुरुस्ती म्हणजे टाकी रिकामी नेणं आणि मुक्कामी पोचल्यावर भरणं.

दुसरा आकडा म्हणजे दांड्याच्या टोकावरचा उभा भार, म्हणजे ट्रेलरचं नाक गाडीच्या हूकवर किती दाबतं तो. बैलगाडी हाकलेल्यांना हे शिकवायला नको. मागे माल जास्त झाला की गाडी उलार होते, धुरी वर उचलते, जू मानेवरून उठतं आणि बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो. ट्रेलर उलार झाला तर ६०–७० च्या वेगाला शेपूट डोलू लागतं. युरोपी घडणीच्या कॅराव्हॅनसाठी हा भार भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकी घडणीच्या ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के. आपल्या उदाहरणात ७ टक्के म्हणजे साधारण ८० किलो.

मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून उट्या लावा. कप्लरखाली, म्हणजे ट्रेलरचं जे तोंड हूकवर बसतं त्याखाली, लाकडी ठोकळा उभा करून तो काट्यावर ठेवा आणि पुढचं लहान चाक फिरवून वर घ्या, म्हणजे सगळा भार ठोकळ्यावर येईल. ठोकळ्याची लांबी अशी हवी की ट्रेलर समतळ राहील. नाक वर-खाली झालं तर आकडा बदलतो. भार कमी आला तर जड सामान अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे सरकवा. जड वस्तू नेहमी अ‍ॅक्सलजवळ आणि जमिनीलगत. मागच्या भिंतीला सायकली टांगायचा मोह अनेकांना होतो. एवढ्या लांबीवर मिळून ३० किलोच्या दोन सायकली नाकावरचा भार चांगलाच खाऊन टाकतात.

गाडीवर किती उरतं

गाडीचं कमाल भरलेलं वजन वजा रिकामं वजन, एवढी तिची वाहण्याची कुवत. ही बाब विक्रेता आपणहून सांगत नाही, विचारावी लागते. समजा ती ६०० किलो आहे. चार मोठी माणसं २८०, दोन मुलं ७०, डिकीत सामान ७०, छतावरचा कॅरियर त्यावरच्या पेटीसह ५०, हूकची चौकट ३०, ट्रेलरच्या नाकाचा भार ८०. झाले ५८०. आणि आयत्या वेळी आजी निघाल्या की मर्यादा ओलांडली. सात सीटची गाडी म्हणजे सात माणसं, सामान आणि वर ट्रेलर, असा अर्थ होत नाही.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे हा ८० किलोचा भार मागच्या अ‍ॅक्सलवर ८० किलो म्हणून येत नाही. हूक मागच्या चाकांच्या बराच मागे असतो, त्यामुळे तरफ तयार होते. व्हीलबेस २७५० मिमी आणि अ‍ॅक्सलपासून हूकचा गोळा (ज्यावर कप्लर बसतो तो) १२०० मिमी मागे असेल, तर मागच्या अ‍ॅक्सलवर ८० × (२७५० + १२००) ÷ २७५०, म्हणजे जवळजवळ ११५ किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचे ३५ किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून व्हीलबेस लांब आणि अ‍ॅक्सलमागचा भाग आखूड अशी गाडी बघायची.

शोरूममध्ये याची परीक्षा दोन मिनिटांत होते. चारही मडगार्डच्या कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. मग साधारण ८० किलोचा माणूस मागच्या बंपरच्या कडेवर बसवा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर तिसऱ्या रांगेसकट सगळ्या सीट भरून तिसऱ्यांदा मोजा. पूर्ण भाराला मागची बाजू ४०–५० मिमीपेक्षा जास्त खाली बसत असेल तर ती गाडी या कामाची नाही. जाड स्प्रिंग घालून गाडी वर उचलता येते, पण कंपनीने ठरवलेली कुवत त्याने वाढत नाही.

चेसिस आणि चालणारी चाकं

शिडीसारखी चेसिस असेल तर हूक थेट पोलादी रेलवर बोल्टने बसतो आणि ओढ सगळ्या चौकटीत वाटली जाते. वेगळी चेसिस नसलेल्या मोनोकॉक गाडीत तोच भार पत्र्याच्या पोकळ भागांवर येतो. कंपनीने जागा आणि आकडा दिला असेल तर हरकत नाही. नसेल तर बोल्टच्या भोकांभोवती पत्रा फाटत जातो आणि डिकीचं दार नीट बसेनासं होईपर्यंत कळत नाही.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत आणखी एक अडचण आहे. चढावर वजन आधीच मागे सरकतं, त्यात ट्रेलरचं नाक मागे दाबतं, म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. पावसाळ्यात त्र्यंबकजवळच्या चिखलाच्या मुक्कामावरून निघताना ही गाडी जागच्या जागी चाक फिरवते. मागची चाकं ओढणारी बरी, फोर-बाय-फोर असेल तर उत्तम. लो रेंज गिअर, म्हणजे अगदी हळू पण जोरात ओढणारे गिअर, असेल तर कॅराव्हॅन मागे घेताना क्लच वाचतो.

घाटाचं गणित

गाडी भरून २७०० आणि ट्रेलर ११५० धरला तर ३८५० किलोची जोडी झाली. ६ टक्के चढावर ताशी ४० किमीने जायला चाकांवर साधारण ४५–५० पीएस लागतात, ६० ने जायचं तर ७५ च्या आसपास. ट्रेलर नसताना त्याच चढाला ६० च्या वेगाने जेमतेम ५० पीएस लागतात. म्हणजे ताकद उरते. पण चढाचे वीसेक मिनिटं इंजिन सलग जास्त भारावर राहतं आणि रेडिएटर, टर्बो, गिअरबॉक्सचं तेल यांना उसंत मिळत नाही. म्हणून टॉर्क कमी आरपीएमला मिळणारं डिझेल इंजिन घ्यावं आणि गिअरबॉक्सच्या तेलाला कूलर आहे का ते विचारावं.

उतार जास्त धोक्याचा. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना उंची ३०० मीटरच्या आसपास कमी होते. ३८५० किलो तेवढे खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती ३६ लिटर पाणी उकळीपर्यंत तापवेल. तो ताप कुठेतरी जायलाच हवा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तो सगळा डिस्कमध्ये आणि ट्रेलरच्या ड्रममध्ये जातो. पेडल मऊ लागू लागतं, जळका वास येतो आणि दोन वळणांनंतर ब्रेक उरत नाही. चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून पूर्ण सोडायचा. गिअर उताराच्या आधी टाका, वेग वाढल्यावर नाही.

गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक या कामाला सगळ्यात सोयीची, कारण चढावर थांबून पुन्हा निघताना घासायला क्लचच नसतो. मॅन्युअल चालेल, पण क्लच प्लेटचा खर्च आधीच धरून ठेवा. ड्युअल क्लच टाळा. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना त्याचे क्लच तापतात आणि गाडी इशारा देऊन थांबते.

नावं घेऊन बोलायचं तर

टोयोटा फॉर्च्युनर: २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर, शिडी चेसिस, व्हीलबेस २७४५ मिमी. महाग आहे, पण या कामात तिच्याबद्दल शंका घ्यायला जागा कमी. महिंद्रा स्कॉर्पिओ-एन: २.२ लिटर डिझेल १७५ पीएसपर्यंत, ऑटोमॅटिकमध्ये ४०० न्यूटन-मीटर, शिडी चेसिस, फोर-बाय-फोरचा पर्याय, व्हीलबेस २७५० मिमी. किमतीच्या मानाने ओढायला हीच पहिली बघावी, असं आमचं मत. तिसरी रांग लहान मुलांपुरती आणि तिच्यामागे सामानाला जागा नावालाच. पण कॅराव्हॅन सोबत असताना सामान तिच्यातच जातं, म्हणून हा दोष इथे बोचत नाही. इनोव्हा क्रिस्टा शिडी चेसिसची, मागची चाकं ओढणारी आहे आणि माणसांसाठी तिघींत सगळ्यात आरामाची. २.४ लिटरचं १५० पीएसचं इंजिन हलक्या ट्रेलरपुरतं ठीक, फोर-बाय-फोर मात्र नाही. हायक्रॉस नाव सारखं असलं तरी जात वेगळी: मोनोकॉक, पुढची चाकं ओढणारी. टाटा सफारीही मोनोकॉक आणि पुढची चाकं ओढणारी. प्रवासाला छान, पण हजार किलोच्या वरचा ट्रेलर तिच्यामागे लावू नये.

परदेशी आकड्यांपासून सावध. ऑस्ट्रेलियात स्कॉर्पिओला ब्रेकवाला ट्रेलर २५०० किलोपर्यंत, फॉर्च्युनरला ३१०० किलोपर्यंत मान्य आहे. गाडीच्या घडणीचा अंदाज यायला हे ठीक. पण भारतातल्या गाडीचं स्प्रिंग, कूलिंग, टायर आणि वॉरंटी वेगळी असू शकते. इसुझू एमयू-एक्सचं उदाहरण घ्या: तिकडचा गाजलेला ३५०० किलोचा आकडा ३ लिटर इंजिनाच्या गाडीचा, आपल्याकडची गाडी १.९ लिटरची. भारतातल्या पुस्तिकेत आकडा दिलेला नसेल तर डीलरकडून कंपनीचं उत्तर लेखी मागा. ‘काही होत नाही साहेब’ याला वॉरंटीत किंमत नाही. आकडा मिळालाच नाही, तर भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्या-साठ टक्क्यांत ठेवावा, तोही ब्रेकवालाच. युरोपात नवख्यांना ८५ टक्क्यांपर्यंत सांगतात, पण तिकडच्या गाडीला कंपनीने ठरवलेला आकडा असतो आणि रस्त्यात गतिरोधक अचानक उगवत नाहीत.

हूक, गोळा आणि वायरिंग

कंपनीने दिलेला स्क्रूचा टो-हूक बंद पडलेली गाडी सरळ ओढायला असतो, ट्रेलरचा उभा भार झेलायला नाही. ट्रेलरसाठी वेगळी चौकट लागते. ती दोन्ही रेलना, प्रत्येक बाजूला किमान दोन-तीन ठिकाणी, ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टने बसवावी. अंबड-सातपूरला वेल्डिंगचे कसबी कारागीर भरपूर आहेत, पण चेसिसवर वेल्डिंग करू देऊ नका. तापलेल्या जागेच्या कडेला पोलाद कमकुवत होतं आणि तिथेच तडा जातो. बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, पहिल्या ५०० किमीनंतर पुन्हा तपासा. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनरची स्टेपनी मागे पोटाखाली असते. हूक बसवल्यावर ती खाली उतरते का, हे गॅरेजमध्येच करून बघा.

हूकची ताकद डी-व्हॅल्यूने सांगतात: दोन्ही वजनं टनांत घेऊन त्यांचा गुणाकार भागिले बेरीज, गुणिले ९.८१. आपल्या जोडीसाठी २.७ × १.१५ ÷ ३.८५ × ९.८१, म्हणजे ७.९ किलोन्यूटन. १० किंवा त्याहून जास्त छापलेला घ्या. चौकटीवर असा शिक्काच नसेल तर ती कोणी मोजलेली नाही एवढं समजा.

गोळ्याचं माप हा सर्वात साधा आणि सर्वात महागात पडणारा घोळ. युरोपी गोळा ५० मिमीचा, अमेरिकी दोन इंची, म्हणजे ५०.८ मिमी. फरक पाऊण मिलिमीटरच्या जरा वर, डोळ्याला दिसत नाही. दोन इंची कप्लर ५० च्या गोळ्यावर बसतो, लॉकही होतो आणि खड्ड्यात उसळी बसली की निसटू शकतो. व्हर्नियर लावून मोजा. गोळ्याची उंची भरलेल्या गाडीला जमिनीपासून ३५० ते ४२० मिमी ठेवतात. आपल्या उंच गाड्यांना त्यासाठी खाली उतरणारी पट्टी लागते. साखळ्या दोन, कप्लरखालून एकमेकींना छेद देऊन लावलेल्या, म्हणजे दांडा निसटलाच तर रस्त्यात रुतत नाही, साखळ्यांच्या झोळीत पडतो.

सात पिनच्या प्लगमध्ये १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटू लागले तर जवळजवळ नेहमीच ३ नंबरची अर्थ सैल किंवा गंजलेली निघते. नव्या गाड्यांत टेललाइटची वायर सोलून जोड देऊ नका, कंट्रोल मॉड्यूल बिघडतो. बायपास रिले असलेली ट्रेलर किट वापरा.

ट्रेलरचे ब्रेक दोन प्रकारचे. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचा ब्रेक लागतो. गाडीत काही बसवावं लागत नाही, पण लांब उतारावर नुसत्या इंजिन ब्रेकिंगनेही तो थोडा लागलेलाच राहतो आणि ड्रम तापतात. इलेक्ट्रिक ब्रेकला ड्रायव्हरजवळ कंट्रोलर लागतो, पण डोलणारा ट्रेलर त्याने एकट्याने आवरता येतो. घाटात वारंवार जाणार असाल तर इलेक्ट्रिक घ्या. युरोपात ७५० किलोच्या वर ब्रेक नसलेला ट्रेलर चालत नाही, ती मर्यादा आपणही पाळावी.

पेठ रोडची फेरी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. त्याचा नंबर त्याच्या बाजूवर, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर मागून दिसेल असा. हे दुसरं बरेच जण विसरतात. बनवणाऱ्याकडून विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१, आणि रस्त्यायोग्यतेचं फॉर्म २२ मिळतं का, ट्रेलरला एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेची टाइप मान्यता, म्हणजे त्या मॉडेलला मंजुरी, आहे का, हे पैसे देण्याआधी बघा आणि कागदांच्या प्रती घेऊन पेठ रोडच्या आरटीओत विचारा. गॅरेजमध्ये बनवलेला सुंदर ट्रेलर नोंदणीअभावी अंगणातच राहू शकतो. हूक बसवल्याचं विमा कंपनीला कळवा आणि पॉलिसीत ट्रेलरची नोंद करून घ्या. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणीही बसायचं नाही, झोपलेलं लहान मूलसुद्धा नाही.

पहिले चार दिवस

जोडी तयार झाल्यावर पूर्ण भरून काट्यावर न्या. माणसांसकट फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी, मग पूर्ण जोडी, अशा तीन पावत्या घ्या. मोठा काटा ५–१० किलोच्या टप्प्यात दाखवतो, तेवढं पुरे. दुसऱ्या पावतीतून पहिली वजा केली की मागच्या अ‍ॅक्सलचा भार निघतो. तो दोन टायरांच्या कुवतीशी ताडा: लोड इंडेक्स ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. मागच्या टायरची हवा दारावरच्या स्टिकरमधल्या पूर्ण भाराच्या आकड्याइतकी, थंड असताना.

रविवारी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर मागे घ्यायचा सराव करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्या. कोन वाढू लागला की मागे रेटत बसू नका, पुढे जाऊन सरळ करा, नाहीतर बंपर आणि दांडा एकमेकांना भिडतात. कॅराव्हॅन दोन मीटरच्या आसपास रुंद, गाडी १.९. म्हणून आरशांना जोड-आरसे लागतात. रविवार कारंजा आणि पंचवटीतल्या गल्ल्या या जोडीसाठी नाहीतच, बाहेरच्या रस्त्यानेच जा.

पहिली फेरी गंगापूर धरणापर्यंत, दुसरी त्र्यंबक रस्त्याने, तिसरी घोटीपर्यंत. राहुड किंवा कसारा घाट त्यानंतर. वेग ६०–७०, समोरच्यापासून अंतर नेहमीच्या दुप्पट. तुम्ही मोठी ट्रॅव्हल्स बस ओलांडून पुढे जाताना आधी ट्रेलर तिच्याकडे ओढला जातो आणि मग बाहेर ढकलला जातो. डोलणं सुरू झालं तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, उलट-सुलट फिरवू नका, गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. इलेक्ट्रिक कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा. थांबल्यावर नाकाचा भार पुन्हा मोजा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. डोलणं आवरणारा घर्षणाचा स्टॅबिलायझर बसवला असेल तर गोळ्याला ग्रीस लावायचं नाही, नाहीतर तो धरणारच नाही.

घाट उतरल्यावर सुरक्षित जागी थांबून ट्रेलरच्या दोन्ही हबजवळ हाताचा मागचा भाग न्या, टेकवू नका. दोन्हीकडे सारखी ऊब लागली तर ठीक. एक थंड आणि एक सोसवत नाही इतका तापलेला असेल तर तापलेल्या बाजूचा ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग गेलंय. तसंच पुढे जाऊ नका. ट्रेलर तिथे उभा करून मेकॅनिकला बोलवा आणि उट्या लावल्याशिवाय कप्लर सोडवू नका.